पाटीवर लटकलेला बिल्ला

घरच्या धनिणीस, मान खाली घालून नमस्कार.

आधी एवढं वाच: तुझे दादा धोक्याबाहेर आहेत. आमच्या गाद्यांच्या कारखान्याला आग लागली आणि ते धुरात सापडले. बंबवाल्यांनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा अंगावर एक फोड नव्हता, म्हणून सगळे निर्धास्त होते. पण नाकात काजळी होती आणि आवाज घोगरा झाला होता. गरम धुराने घसा आतून भाजतो आणि सूज मागाहून चढते, असं डॉक्टर म्हणाले. श्वास कोंडायच्या आत त्यांनी नळी घातली. ती काल काढली. खोकल्यातून अजून काळं पडतं, बोलता येत नाही. म्हणून त्यांचा फोन नाही.

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? त्यांना एवढ्यात सांगू नकोस.

आता खरं सांगतो. कामावर जाताना आम्ही दारातल्या पाटीवर आपापला बिल्ला अडकवतो आणि बाहेर पडताना काढतो. त्या दिवशी मी विडी ओढायला मागच्या दाराने सटकलो, बिल्ला तसाच ठेवून. आग लागली तशी सगळ्यांनी आपले बिल्ले काढले. माझा लटकत राहिला. तो बघून दादा परत आत शिरले. मी पलीकडच्या गल्लीत मजेत धूर सोडत होतो.

आज भेटायला सोडलं. दादांनी खुणेने कागद मागितला. वाटलं, आता विचारणार, कुठे होतात? त्यांनी लिहिलं, "पाहुणे, कुठे लागलं नाही ना? आत फार शोधलं तुम्हाला."

मी नुसती मान हलवली. माझा घसा तर ठणठणीत आहे.

तोंड लपवणारा,
तुझा नवरा