अकरा हजार पौंडांची ताकद

३ मे
डेलमार सकाळी येऊन गेला. दीर म्हणून येतो, पण नजर शेडकडे. ऑरिनचा सुट्टीत राहायचा ट्रेलर जागेवर आहे ना, हे आधी बघतो आणि मग माझी तब्येत विचारतो. त्याचा कुत्रा टफी नेहमीसारखा ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून होता. डेलमार म्हणाला, "आर्लिस, तो तीस फुटी डबा तुझ्याच्यानं काय ओढवणार? मला दे, मी नीट सांभाळीन." मी म्हणाले, ओढणार, मीच ओढणार आणि जुलैत मोंटानाला नेणार. तो हसला नाही. शेडकडे बघत राहिला.
ठरलं. इथे लिहिलं म्हणजे ठरलंच.

४ मे
कारण लिहून ठेवते, म्हणजे मन डळमळणार नाही. ऑरिन नोव्हेंबरात गेला. फेब्रुवारीत त्याचा कोट चर्चला द्यायला काढला, तर खिशात पावती. मोंटानातल्या तळ्याकाठी ट्रेलर उभा करायची जागा, नंबर २७, १७ ते २१ जुलै. १९ जुलैला आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. हा दिवस त्याने जन्मात एकदा लक्षात ठेवला असेल तर शपथ. आणि शेवटी हे, गुपचूप. पावतीवर लिहिलंय: माणसं दोन, कुत्रा एक. आमच्याकडे कुत्रा नाही. बहुतेक मला घेऊन देणार होता. कुत्र्याने मला शिंका येतात, पण त्याच्या मनात होतं, हेच खूप.
कोट दिला नाही.

१२ मे
नवा ट्रक आला. ऑरिनचा मोठा डिझेल ट्रक एप्रिलमध्येच विकून टाकला होता. त्याच्या एकाही ट्रकच्या स्टिअरिंगला मला कधी हात लावता आला नाही. "तू नकाशा बघ," म्हणायचा. चाळीस वर्षं नकाशा बघितला. त्यातली शेवटची दहा वर्षं त्याच्या फोनमधली बाई रस्ता सांगायची, तरी नकाशा माझ्या मांडीवर असायचाच.
माझा ट्रक हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातला, पण टर्बोवाला. सेल्समन म्हणाला, "मॅडम, इंजिन दिसायला लहान, पण टर्बो आहे ना! अकरा हजार पौंड ओढतो. डोंगर बांधा मागे, डोंगर येईल." माझा ट्रेलर भरून आठ हजारांच्या आत. वजाबाकी मला येते.
डेलमार म्हणाला, "हाफ-टन? अगं, त्यातून किराणा आणतात." मत्सर.

१९ मे
ट्रकचं पुस्तक वाचून संपवलं. सहाशे बारा पानं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, तेव्हापासून जे शिकले ते याच टेबलाशी बसून, त्यामुळे पुस्तकाची भीती नाही. फक्त दोन प्रकरणं सोडली. एक लहान मुलांच्या सीटचं. दुसरं 'प्रवासी आणि माल'. मी काही टॅक्सी चालवणार नाही.
ऑरिनने आयुष्यात एकही पुस्तक वाचलं नाही आणि कायम मला शिकवलं.

२ जून
चर्चच्या मोकळ्या पार्किंगमध्ये सराव. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. हे पुस्तकात होतं, पण वाचताना सोपं वाटलं होतं. शेजारची आयोन मदतीला होती. एकाहत्तरीची आहे, अजून सुगीत धान्याचे ट्रक हाकते. ओरडत होती, "हात खाली धर! स्टिअरिंगच्या बुडाशी! जिकडे हात तिकडे शेपूट! अगं बये, तिकडे नाही, तिकडे पाद्रीबाईंची फुलं आहेत!"
फुलं तशीही सुकायला आली होती.
निश्चय: रोज अर्धा तास सराव.

३ जून
वारा.

४ जून
वारा.

५ जून
वारा नव्हता. पण सुटणार, असं रेडिओवर सांगितलं.

१८ जून
सामान भरलं. अगदी गरजेपुरतं. ऑरिनची लाल लोखंडी हत्यारपेटी ट्रकच्या हौद्यात. आठवण म्हणून नाही. वाटेत काही बिघडलं तर हाताशी असावी म्हणून. तिच्यात कॉफीच्या अकरा बरण्या आहेत, नटबोल्टनी भरलेल्या, प्रत्येकीवर त्याच्या हातची चिठ्ठी. एकीवर लिहिलंय, "कशाचे ते आठवत नाही". जनरेटर घेतला, शेकोटीसाठी जळणाची लाकडं घेतली, त्याची आरामखुर्ची घेतली. खुर्ची माझ्या पाठीसाठी.
पेटी चढवायला आयोन, मी, दोन फळ्या आणि एक दोरखंड लागला. आयोन धापा टाकत म्हणाली, "यातला कुठला पाना कशाला, ठाऊक आहे का तुला?" वेळ आली की कळेल, म्हणाले.
"आणि एवढं सगळं नेतेस, तर त्यालाही उकरून ने की."
आयोनशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. मग तिनेच सूप आणून दिलं.

२० जून
डेलमार आला. जरा मऊ बोलत होता. "हे बघ, सतरा ते एकवीस मी तसाही सुट्टी टाकलीय. म्हणशील तर माझ्या ट्रकने नेऊ. मागे जोड चाकांचा आहे, त्याला कळणारसुद्धा नाही." तारखा याला कशा ठाऊक? मीच कधीतरी बोलले असेन. मी विचारलं, सुट्टी कधी टाकलीस? म्हणाला, "मागच्याच वर्षी," आणि मग टफीला उगीच ओरडला.
दीर एकटा पडलाय. भावाची आठवण येत असणार.

४ जुलै
ट्रेलर जोडून गावाबाहेर दहा मैल. इंजिन नुसतं गुणगुणतंय. टर्बो! ट्रकचं बूड जरा बसलं आणि नाक जरा वर आलं. आयोन म्हणाली, "ट्रक आभाळाकडे बघून देवाचा धावा करतोय." ओझं ओढणारा ट्रक असाच दिसतो, मी म्हणाले. स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं झालंय. अंधार पडल्यावर परतताना समोरून येणारे सगळे दिवे लावून-विझवून मला सलाम करत होते. रस्त्यावर अजून चांगली माणसं आहेत.

१५ जुलै, सकाळी ६
निघतेय. दोन दिवसांत पोचणार. आयोनने सँडविच दिली आणि म्हणाली, "फोन चालू ठेव, शहाणे." ऑरिनचा कोट शेजारच्या सीटवर ठेवलाय. सकाळी गारठा असतो.

१५ जुलै, सकाळी १०.३०
वायोमिंग. ट्रकवाल्यांच्या थांब्यावर वजनकाट्यावर गाडी चढवली, कारण निघाल्यावर वजन करून घ्या, असं पुस्तकात आहे. मी पुस्तकाप्रमाणे चालते. काट्यावरचा दाढीवाला माणूस कागद घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, दार उघडा."
ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला एक चिठ्ठी आहे. दोन महिने रोज ते दार उघडतेय. तिच्यावर लिहिलंय, माणसं आणि माल मिळून १,४८० पौंडांच्या वर नको. मी म्हणाले, पण हा अकरा हजार ओढतो! तो म्हणाला, "ओढतो हो. ओढणं वेगळं, पाठीवर घेणं वेगळं. ट्रेलरच्या दांडीचं वजन कुणाच्या पाठीवर आलं? ट्रकच्या. ही पेटी कुणाच्या पाठीवर? ट्रकच्या. तुम्ही कुणाच्या पाठीवर?"
३७० पौंड जास्त.
"पेटी आणि ती खुर्ची उतरवा. मी इथे ठेवून घेतो, परतताना न्या. आत्ता तुमचा ट्रक ट्रेलरला नेत नाहीये बाई, ट्रेलर ट्रकला हाकतोय."
अनोळखी माणसाच्या हातात पेटी कशी द्यायची? ३७० म्हणजे काही फार नाही. कंपन्या असले आकडे घाबरून लावतात. जळणाच्या लाकडांची दोन ओझी त्याला देऊन टाकली. आता बरंच हलकं वाटतंय.

१५ जुलै, दुपारी ३
गिलेट गावाच्या पुढे लांब उतार. वारा आडवा. एक भलामोठा ट्रक डावीकडून सुसाट गेला आणि आधी त्याने ट्रेलरला आपल्याकडे ओढलं, मग ढकललं. ट्रेलर डोलला. मग माझा ट्रक डोलला. मी ब्रेक दाबला, जो दाबायचा नसतो. पान ३४१. फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे असतात, पण तो खटका कुठे आहे ते त्या क्षणी आठवेना.
थांबलो तेव्हा आम्ही झुडपांत होतो. कुणाला काही झालं नाही. ट्रकच्या मागची, ट्रेलर जोडायची दांडी वाकली. पेटी उलटली. नटबोल्ट रस्त्याच्या कडेला मैलभर सांडले असतील. मी कोट घातला आणि वेचायला लागले. पोलीस आला. म्हणाला, "बाई, राहू द्या ते." मी म्हणाले, यांतले कशाचे कुठले ते वेगळे करायचेत. तो टोपी काढून उभा राहिला. मग त्यानेही थोडे वेचले.
डेलमारला मी फोन केला नाही. आयोनला केला. तिने त्याला केला, त्याला मी काय करणार.

१५ जुलै, रात्री १०
डेलमार आला. "सांगितलं होतं ना," असं म्हणेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. म्हणाला नाही. उतरला, माझ्याकडे बघितलं, कोटाकडे बघितलं. "त्याचा आहे," एवढंच म्हणाला. मग दांडी सोडवायला वाकला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ जुलै
माझा हाफ-टन गिलेटमध्ये दुरुस्तीला. ट्रेलर डेलमारच्या ट्रकमागे. मी मागच्या सीटवर, कारण पुढची टफीची. "तो मागे बसला की ओकतो," डेलमार म्हणाला. दिवसभर शिंकले. बिलिंग्जला त्याने विचारलं, "आर्लिस, कुठला फाटा?" माझ्या मांडीवर नकाशा होताच.
पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा त्याच्या दाराची चिठ्ठी वाचली. चार हजार एकशे पौंड. त्यात पेटी, खुर्ची, मी, कशाचंच काही मोजायला नको.
दुपारी तळ्यावर पोचलो. फाटकावरच्या बाईने यादी काढली. ऑरिन आणि डेलमार. माणसं दोन, कुत्रा एक. तिने गाडीत डोकावून मोजलं आणि म्हणाली, "बरोबर आहे, जा." डेलमारने मागे वळून बघितलं नाही. त्याचे कान लाल झाले होते. मी त्याला म्हणाले, चल, मागे गाड्या खोळंबल्यात.
जागा छान आहे. पाणी दिसतं. ट्रेलरच्या कपाटात गळ दोन, घडीच्या खुर्च्या दोन.
आमच्याकडे कुत्रा नाही. कधीच नव्हता. हे मला फेब्रुवारीपासून ठाऊक होतं.