छाती छत्तीस

३ एप्रिल

हर्षल आला! आणि येताक्षणी शर्ट काढून गच्चीवर! पाइप धरून अंघोळ — भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर. मी जिन्यात उभा राहून बघत होतो. सपाट. पाटीसारखी सपाट छाती. आई खालून ओरडली, "कुंदन, तूबी न्हाई ले रे!" म्हटलं, सर्दी झालीय. सुरतच्या एप्रिलमध्ये सर्दी!

हर्षल म्हणजे कतारगामच्या विजयकाकांचा मुलगा. माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा. मे महिन्यात माझ्या मोठ्या भावाचं, योगेंद्रदादाचं लग्न, तोवर हा अधूनमधून इथेच राहणार, मदतीला. म्हणजे महिनाभर मला हेच बघायचं.

४ एप्रिल

अजून आहेच. दिवाळीनंतर सुरू झालं. छातीत आधी डावीकडे, मग उजवीकडे. आत बटणासारखं कडक, धक्का लागला की दुखतं. बाहेरून कसं दिसतं ते लिहीत नाही. वर्गात सुमित मागून म्हणाला, "कुंदनबेन, केम छो?" सगळा बाक हसला. तेव्हापासून दप्तर मी पाठीवर नाही, पुढे लावतो.

दूध बंद केलं. बटाटा बंद केला. काही फरक नाही. भूक मात्र दुप्पट लागते.

५ एप्रिल

हर्षल आज जाळीचा बनियन घालून दूध आणायला गेला. जाळीचा! मुद्दाम करतो.

८ एप्रिल

उपाय सापडला!!

आई आणि शेजारच्या जयश्रीमावशी आमच्याकडे बसून साड्यांना फॉल लावतात. मार्केटमधून गठ्ठे येतात, साडी आणि तिच्या रंगाचा फॉल. फॉल म्हणजे लांबलचक सुती पट्टी. छातीला अडीच वेढे बसतात. दोन जोडले की काम फत्ते! पिना लावल्या, वर बनियन, वर शर्ट. आरशात पाहिलं — हर्षल! जवळजवळ.

श्वास अर्धाच आत जातो. चालेल.

१३ एप्रिल

लग्नासाठी सगळ्या भावांना एकसारखे कुडते. चिंधा मास्तरकडे मापं द्यायला गेलो. ह्या माणसाची एक खोड आहे — टेप लावतो दुकानात आणि आकडा ओरडतो रस्त्यापर्यंत! त्याची बायको आत बसून वहीत उतरवते, म्हणून.

माझी पाळी आली. मी श्वास धरला. "छाती छत्तीस!" पट्टी बांधून छत्तीस! वर पाठीवर थाप. "भरलेला गडी आहे!" कान तापले माझे. पट्टी हाताला लागली असेल का त्याच्या? मग हर्षल. "छाती अठ्ठावीस! हे तर अजून पोरच आहे!" सगळे हसले. हर्षल पाणी प्यायला बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही.

अठ्ठावीस! माझ्या नावापुढे अठ्ठावीस लिहिलं असतं तर मी गल्लीत पेढे वाटले असते. काही लोकांना देव सगळं देतो आणि वर त्यांना तहानही लागते!

१७ एप्रिल

बायका लग्नाची गाणी बसवत होत्या. हर्षलला मध्ये बसवलं. काय तो आवाज! पातळ, गोड, कुठे अडकत नाही. गल्लीतल्या प्रमिलाबाईंनी त्याची दृष्टच काढली. "तोंडावर एक फोड नही पोऱ्याले!" मी नुसतं "वा" म्हणायला गेलो तर आवाज मध्येच फाटला. हशा.

छाती त्याची चांगली. आवाज त्याचा चांगला. चेहरा त्याचा चांगला. माझ्याकडे काय? पिंपल्स आणि दोन फॉल.

हो, मी जळतो. इथे लिहायला काय हरकत आहे! जळतो, जळतो, जळतो.

२० एप्रिल

घोटाळा झाला. आईच्या गठ्ठ्यातले फॉल कमी भरले — राणी रंगाचा, मोरपंखी, आणखी दोन. घामाने पट्टी ओली होते म्हणून मी रोज बदलतो. धुवायची कुठे, वाळत घालायची कुठे? ओल्या पट्ट्या पलंगाखालच्या पेटीत आहेत.

आईने जयश्रीमावशींना विचारलं, "फॉल कथा गयात?" कुठे गेले, म्हणून. मावशी म्हणाल्या, "पुष्पाबाई, तू मन्हावर आळ ली ऱ्हायनी का?" आणि सुई खोचून उठून गेल्या.

मी तिथेच होतो. जेवत होतो.

२३ एप्रिल

जयश्रीमावशी तीन दिवस आल्या नाहीत. आई एकटीच फॉल लावते. बारा वर्षं दोघी एका उंबऱ्यात बसून काम करतात. मला ताप आला तेव्हा मावशी रात्रभर बसल्या होत्या. मी चोर. आणि चोर त्या ठरल्या!

छातीला आग होते. बारीक पुरळ, पिनेने दोन ठिकाणी लागलंय.

२४ एप्रिल

सांगितलं.

दुपारी घरात आईशिवाय कुणी नव्हतं. पेटी ओढून आईसमोर ठेवली. ती म्हणाली, "हाऊ काय शे?" मी शर्ट काढला. पट्टी दिसली. मग पट्टी सोडली. सहा महिन्यांनी पहिल्यांदा कुणासमोर. मला वाटलं ओरडेल, फॉल घामाने डागाळले म्हणून. ती पुरळाकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "मन्हा पोऱ्याले काय व्हयनं हाई? माले सांगाले लाज कसानी?"

मी रडलो. पंधरा वर्षांचा घोडा, पण रडलो.

संध्याकाळी आई वाटीभर शिरा घेऊन जयश्रीमावशींकडे गेली. काय सांगितलं माहीत नाही. मावशी परत आल्या. माझ्याकडे बघून हसल्या नाहीत, काही विचारलंही नाही. नुसतं म्हणाल्या, "सुई ओवी दे रे." देव त्यांचं भलं करो.

२६ एप्रिल

बाबा पलसाण्याच्या डाइंग मिलमधून अर्धी पाळी टाकून आले. नखं हिरवीच होती. आई, बाबा आणि मी डॉक्टरांकडे गेलो. गुजराती डॉक्टर, मुलांचे. त्यांनी दाबून पाहिलं, बाकी तपासलं. कसली गोळी घेतोस का, पावडर, नशा? कुठे आणखी गाठ? पाणी येतं का? नाही, नाही, नाही.

"गभराय नई," म्हणाले. "आ तो उमरनुं छे." वयात येताना पुरुषाचे आणि बाईचे, दोन्ही हार्मोन प्रत्येक मुलाच्या अंगात असतात. थोडे दिवस त्यांचा तोल इकडेतिकडे होतो, मग छातीत गाठ धरते. जवळजवळ निम्म्या मुलांना होतं! सांगत कुणी नाही. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. वाढलं, किंवा काही वेगळं दिसलं तर रक्त तपासायचं. सतरा-अठरापर्यंत राहिलंच तर ऑपरेशन असतं, पण आज त्याचा विचारही करायचा नाही. दूध-बटाट्याचा संबंध नाही. आणि बांधायचं अजिबात नाही — पुरळ त्यानेच आलंय.

बाबा म्हणाले, "साहेब, एखादी गोळी तरी." डॉक्टर म्हणाले, पुरळाला मलम देतो. ह्याला गोळी म्हणजे वेळ.

येताना बाबांनी उसाचा रस पाजला. दोन ग्लास.

पण एक विचारायचं राहिलं. वयात आल्यावर होतं ना? मग हर्षल माझ्याहून मोठा, त्याला का नाही? निम्म्यांत मीच का? तो नेहमी चांगल्याच निम्म्यात!

७ मे

हळद झाली. ज्याची भीती होती तेच — डीजे लागला आणि पोरांनी एकमेकांचे शर्ट फाडायला सुरुवात केली. माझ्याकडे वळलेच होते, तेवढ्यात आई मध्ये उभी राहिली. हातात हळदीची वाटी. "त्याले पुरळ उठेल शे. गालले लावा." योगेंद्रदादाने पाटावरून उठून माझे दोन्ही गाल भरले. संपलं. एवढंच! महिनाभर मी ह्याला घाबरत होतो.

हर्षल कुठे? पोट दुखतं म्हणून वरच्या खोलीत, कडी लावून. फोटोत कुडता कोरा दिसावा म्हणून! नाटकी. गच्चीवर नागडा नाचणारा, आणि पोरांत शर्ट काढायची वेळ आली की पोट दुखतं?

मलाच कळेना त्याचं.

१९ मे

पुरळ दाखवायला डॉक्टरांकडे गेलो. बाकावर हर्षल, मांडीवर फाइल. काकू आत होत्या. मला बघून त्याने फाइल पालथी घातली. मग तोच बोलला, "सोळावं लागलं यार. माझं अजून काहीच सुरू नाही झालं. गच्चीवर लांबून कळत नाही, पण हळदीत काखेत केस नाहीत म्हणून हसले असते सगळे. तुझा आवाज फुटला, मिशी आली. मास्तर छत्तीस ओरडला ना, त्या दिवशी मला तुझा इतका राग आला!"

तोच पातळ, गोड आवाज.

मी सरकून त्याच्याजवळ बसलो, आणि शर्टाची वरची बटणं उघडून त्याला माझी छाती दाखवली.