वटवाघळांच्या राईचं उद्घाटन

तंजावर जिल्हा,
मंगळवार

तीर्थरूप वेंकूअक्कास,

धाकट्या सूर्यनारायणाचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे जिवंत आहेत. याहून जास्त खुशाली कळवायची हिंमत नाही. भावोजींचा गुडघा कसा आहे? (त्यांनी ते हिरवं तेल पुन्हा चोळायला घेतलं असेल, तर मला काही बोलायचं नाही.) तुझ्या भावजयीने, सरस्वतीने, नमस्कार सांगितला आहे आणि मी पाल्हाळ लावू नये, असंही सांगितलं आहे.

अक्का, आपली कावेरीकाठची राई मी पंचायतीला बक्षीसपत्र करून दिली, हे तुला ठाऊक आहेच. तिथे कुणी प्लॉट पाडू नयेत, अर्जुनाची झाडं आणि त्यांना लटकलेली वटवाघळं तशीच राहावीत, एवढी एकच अट मी कागदात घातली होती. पंचायतीचा अधिकारी मुरलीकृष्ण भला माणूस. (हेच तर दुःख आहे. वाईट असता तर भांडलो असतो.) अट वाचून त्याचे डोळे भरून आले. अडचण फक्त अशी निघाली, की पंचायतीच्या दप्तरात 'राई' असा प्रकारच नाही. वनखातं म्हणालं, हे वन नव्हे. कालव्याचं खातं म्हणालं, पाणी नाही तर आम्हाला कशाला विचारता? शेवटी तिची नोंद 'उद्यान' अशी झाली. आणि एकदा उद्यान म्हटलं, की उद्यानाला जे जे लागतं ते सगळं यायलाच हवं. सिमेंटची वाट आली, झोपाळा आला, कमान आली. मग बाकं आली. बाकांवर घाण पडते म्हणून वरच्या फांद्या गेल्या. फांद्या गेल्याने ऊन लागायला लागलं, म्हणून पत्र्याची शेड आली. मी जाऊन तक्रार केली, तर मुरलीकृष्णने मलाच माझी अट वाचून दाखवली. तीत झाडांचा उल्लेख होता, फांद्यांचा नव्हता.

उद्घाटनाला मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, शाल पांघरवली. वटवाघळं बिचकू नयेत म्हणून आपल्या घरात दिवाळीचे फटाके उडवायला बसस्टँडच्या पलीकडे जायचं, हे तुला सांगायला नको. तेच मी मुरलीकृष्णला समजावलं. तो हात जोडून म्हणाला, "सार, फटाक्यांशिवाय उद्घाटन म्हणजे पायसाशिवाय लग्नाचं जेवण. लोक म्हणतील, वटवाघळांचा मान राखला नाही." आणि 'शांतता राखा' या पाटीलाच दहा हजार फटाक्यांची माळ बांधली. भर दुपारी आभाळ काळं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या (त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग). मी शाल पांघरून बघत राहिलो. एकही वटवाघूळ परत आलं नाही.

पूर्वी संध्याकाळी ती उडाली, की आई देवापुढे दिवा लावायची. आता सरस्वती मोबाइलमध्ये वेळ बघून लावते. मला ते बघवत नाही, म्हणून मी तेवढा वेळ घराबाहेर पडतो. आणि बसायला त्या उद्यानाशिवाय जागा नाही.

तुझा हताश भाऊ,
सूर्या

ता. क. : तुमच्या परसातल्या चिंचेवर परवापासून मोठाली वटवाघळं येऊन लटकली आहेत आणि त्यांना हाकलण्यासाठी आपण पंचायतीत अर्ज देणार आहोत, असं तुझ्या लेकाने, विश्वेशने, फोनवर सांगितलं. अक्का, त्याला आवर. ती आपलीच आहेत. चिकू खातील, खाऊ दे. धुणं पुढच्या दारी वाळत घाल. तुझा फोन विश्वेशच उचलतो, म्हणून हे पत्र. तमिळ शाळेत शिकल्यामुळे देवनागरी त्याला वाचता येत नाही, ते बरंच झालं.

ता. क. २ : राईच्या कामगिरीवर मुरलीकृष्णला बढती मिळाली आहे आणि पापनाशमजवळ, तुमच्याच पंचायतीत बदली झाली आहे. सोमवारी तो तुझ्या पाया पडायला येईल. (पत्ता मीच दिला, तेव्हा विश्वेशचा फोन आला नव्हता.) चांगली कॉफी दे, माणूस खरंच भला आहे. परसाचं दार मात्र लावून घे.