हवालदारांचा खोटा उपास

मु. फलटण
आषाढ, १९६४

प्रिय अंजना,

तुला आशीर्वाद, आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार. आबाचं पत्र आहे म्हणून लगेच चुलीत घालू नकोस, आधी वाच. दसऱ्यानंतर मी कवठे महांकाळला तुझ्या घरी आलो आणि न जेवता परतलो. तेव्हापासून तुला दिवाळीला पाठवलं नाही, संक्रांतीला नाही, उन्हाळ्यातही नाही. मी दोनदा न्यायला माणूस धाडला, तो चहा पिऊन एकटाच परत आला. तू एक कार्ड टाकलंस, त्यात लिहिलंस की सासरचं अन्न तुम्हाला चालत नाही, तर मी माहेरी कोणत्या तोंडानं येऊ. त्या दिवसाचं खरं लिहायला मला नऊ महिने लागले, कारण सांगायची लाज वाटत होती.

तर खरं असं आहे, की त्या दिवशी माझ्या छातीत आग पडली होती. पहाटे घरी दोन कप चहा घेऊन निघालो. साताऱ्याच्या स्टँडवर झणझणीत मिसळ खाल्ली, कराडला चहा, सांगलीला पुन्हा चहा, आणि एसटीत बसल्याबसल्या तंबाखू. तुझ्या दारात पोचलो तेव्हा पोटापासून गळ्यापर्यंत नुसता जाळ उठला होता, तोंडाला आंबट पाणी सुटत होतं. आणि बघतो तर व्याह्यांनी, म्हणजे तुझ्या सासऱ्यांनी, लालासाहेबांनी, माझ्यासाठी बोकड कापलेला. रश्श्यावरची तर्री बघूनच मला घाम फुटला.

जळजळतंय एवढं बोललो असतो, तर तुझ्या सासूबाईंनी, राहीबाईंनी, ताकभात वाढला असता. पण तुझ्या लग्नात भर पंगतीत मीच बढाई मारली होती, की पलटणीत असताना पैजेवर सोळा हिरव्या मिरच्या खाल्ल्या म्हणून. आता त्याच तोंडानं तिखट सोसत नाही कसं सांगायचं? मी म्हणालो, आज माझा उपास आहे. राहीबाईंनी विचारलं, कसला, तर म्हणालो, बुधवारचा. कोणत्या देवाचा, असं विचारल्यावर मला एकसुद्धा देव आठवेना. त्यांनी बिचाऱ्यांनी शेंगदाण्याचा लाडू पुढे केला, तर मी म्हणालो, निर्जळी आहे. त्याआधी मी तांब्याभर पाणी घटाघटा प्यालो होतो, ते सगळ्या घरानं पाहिलं होतं.

तिथवर झालं ते एक वेळ खपलं असतं. पण स्टँडवर येऊन मी सोडावॉटरची बाटली फोडली, दोन ढेकर आले, जरा थंड वाटलं, आणि मग भूक अशी खवळली की समोरच्या गाड्यावरची भजी घेतली. पहिलं भजं तोंडात टाकतोय तोच लालासाहेब समोर उभे. मी विसरलेली छत्री द्यायला ते सायकल मारत आले होते. माझ्या हातातला पुडा त्यांनी नीट बघितला आणि म्हणाले, "हवालदार, उपास सुटला व्हय?" एवढंच. छत्री बाकड्यावर ठेवून निघून गेले. पाटाच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांच्या कोरडवाहू रानातली भाकरी कमीपणाची वाटते, असं त्यांनी धरलं. त्यांच्या जागी मी असतो तर ती छत्री माझ्या डोक्यात घातली असती.

पुढे दुखणं वाढलं. एकदा जेवून आडवा झालो, तर छातीत असं काही भडकलं की मला वाटलं, आता आपलं काळीज बंद पडतंय. तुझ्या आईला जवळ बसवलं, कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काळीज ठणठणीत आहे, हे पित्त आहे. किल्ली मात्र तुझी आई अजून परत देत नाही.

डॉक्टर म्हणाले, पोटाच्या तोंडाशी एक दार असतं, आपल्या पाटाच्या दारासारखं. ते ढिलं पडलं की पोटातलं आंबट वर चढतं आणि भाजतं. मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. उपाशीपोटी चहा किती? तंबाखू किती? जेवल्याबरोबर आडवे होता का? शेवटी त्यांनी माझ्या पोटावर आवळलेल्या पलटणीच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, लढाई संपली, आता हा सैल करा. उठसूट खायचा सोडा फाकायचा नाही. दोन वेळा गच्च जेवण्यापेक्षा थोडं थोडं खायचं, आणि जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. छातीतली कळ हाताकडे गेली किंवा दरदरून घाम आला, तर मात्र स्वतःच वैदू न होता धावत यायचं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवायला सांगितल्या. तुझ्या आईनं उत्साहात एकेका पायाखाली चार-चार ठेवल्या. सकाळी मी पायथ्याशी गोळा होऊन पडलेला असतो. पण जळजळ खरंच कमी झाली. चहा दोन कपांवर आलाय, तंबाखू सुटायचीय, तिच्याशी रोज भांडतोय.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगतो. पत्रावर नाव तुझं असलं, तरी ते एकट्या तुझ्यासाठी नाही. राहीबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे घरी आलेलं पत्र तू सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतेस, हे मला ठाऊक आहे. तसंच हेही वाच, एक शब्द गाळू नकोस. मी खोटं बोललो, घरच्या अन्नाचा अपमान केला, माझं चुकलं, हे त्या दोघांच्या कानांवर जाऊ दे. माझं हसं झालं तरी चालेल, पण तुला बघितल्याशिवाय आता आम्हा दोघांना राहवत नाही. वाचताना लालासाहेबांकडे लक्ष ठेव. माणूस कडक आहे, पण हसू दाबायचं झालं की मिशीवरून हात फिरवतो, हे मी तुझ्या लग्नात पाहिलंय. हात मिशीकडे गेला, की पत्र तिथंच खाली ठेव आणि विचारून घे, पंचमीला मला पाठवता का म्हणून.

तुझाच,
आबा