बिस्किटांच्या डब्यातली खुर्ची

ता. ३ फेब्रुवारी

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

आई जाऊन वर्ष होत नाही तोच तुम्ही तिची खुर्ची भंगारात काढताय, असं आत्याकडून कळलं. द्या, पण आधी एक दिवस मला द्या. सोबत बिस्किटांचा डबा पाठवलाय. तो कॅमेरा आहे, हसू नका. खुर्चीसमोर ठेवून सुईएवढ्या भोकावरची पट्टी सकाळी काढायची, संध्याकाळी लावायची आणि डबा न उघडता परत पाठवायचा. दिवसभर हलत नाही तेवढंच त्यात उमटतं. तुम्ही खुशाल ये-जा करा, दिसणार नाही.

तुमची,
भिंगरी

ता. १० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

डबा मिळाला. हलवून पाहिला तर रिकामा वाजला, हे मनाला लागलं. रविवारी खुर्चीसमोरच्या कपाटावर ठेवला. शेजारच्या मास्तरांनी दोनदा विचारलं, झुरळांचं औषध आहे का. मी म्हटलं, कला आहे.

मी दिवसभर खाली कारखान्यात होतो, चार मोटारी दुरुस्त केल्या. एका पान्यावर हा धंदा उभा केलेला माणूस मी. तीस वर्षांत मला कुठे टेकलेलं कुणी पाहिलं नाही. खुर्ची देतोय ती कुरकुरते म्हणून. मोटारीचं कुठलं बेअरिंग गेलंय ते मी कानाने सांगतो. मला असला आवाज खपत नाही. भंगारवाला महिनाअखेरीस येईल.

तुझा,
बाबा

ता. १७ फेब्रुवारी

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

चित्र धुतलं. खिडकी आली, खुर्ची आली. खुर्चीत एक गृहस्थही आलेत. टक्कल ओळखीचं वाटतं. इतकं स्पष्ट यायला पाच तास तरी बसावं लागतं. उजवा हात तेवढा पुसट आहे; खुर्चीच्या दांडीवरून फिरत असावा. आत्या म्हणाली, पाहुणा जेवला होता का ते विचार.

तुमची,
भिंगरी

ता. १ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

आत्याला सांग, नव्हता जेवला.

आवाज कुठून येतो ते शोधत होतो. बारीक काम आहे, वेळ लागतो. मागच्या डाव्या पायाचा आहे. तुझी आई उठली की आधी तो बोलायचा. मला खाली ऐकू यायचं आणि मी चहाला हात धुवायचो. एका स्क्रूचं काम. स्क्रू हातात घेतला, परत ठेवून दिला.

काल भंगारवाला आला. त्याला जुनी वायर दिली. त्याने खुर्चीचं विचारलं. मी म्हटलं, तिच्यात माणूस बसतो.

माया आहे तशी राहू दे, आणि दुसरा डबा पाठव. या वेळी बिस्किटांसकट.

तुझा,
बाबा