लहान गरुड, असे मी लिहिले त्याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासण्याच्या कामातून निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वस्थ बसवत नाही म्हणून लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. उजव्या डोळ्याबद्दल तसे म्हणता येत नाही, पण या कामाला एक डोळा पुरतो. आधीची तीन मृत्युपत्रे मीच फाडली आहेत. तुकडे सापडले तर कोणी जोडत बसू नये.

१. राहते घर, दोन खोल्या व गच्ची, माझ्या धाकट्या बहिणीला. "ताई, घराचं राहू दे, तू आधी एका जागी बस बघू," असे ती म्हणते. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. गच्चीवरची खुर्ची मात्र मोडीत काढावी. तिच्यात बसून पाठ धरते.

२. भिंगांची पेटी दुकानाच्या सध्याच्या मालकाला. निरोपाच्या दिवशी त्याने मला चारचौघांत "आमच्या आजीबाई" म्हटले. तेव्हा मी अठ्ठावन्नची होते. तरी पेटी त्यालाच. त्यात भिंगांचा काय दोष?

३. संगणक आणि त्यातले सगळे फोटो आमच्या पक्षिमंडळाला. वीस वर्षे लोक मंडळाकडे फोटो पाठवत आले: भलेमोठे आभाळ, त्यात तिळाएवढा ठिपका, आणि खाली प्रश्न, "हा कोण?" ओळखणारे आम्ही तिघे. मी, चित्रकलेचे मास्तर, आणि पोस्टातले एक गृहस्थ, जे माझ्या मताला मान डोलावत. उत्तराच्या रकान्यात "ठरवता येत नाही" असेही लिहिता येत असे. मी ते कधी लिहिले नाही. ते लिहिणे मला हार वाटे.

४. हे कलम मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचावे.

बारा वर्षांपूर्वी टेकडीवर पवनचक्क्या उभारायच्या होत्या. तिथे दुर्मीळ मोठा ठिपकेदार गरुड येत असेल तर काम थांबणार होते. नेहमीचा लहान ठिपकेदार असेल तर नाही. पुरावा म्हणून एकच फोटो आला. हे दोन्ही गरुड जवळूनही फसवतात, हा तर मैलभर लांबचा. पंखाखाली, मनगटाच्या जागी, फिकट कोर एक असेल तर बहुधा मोठा, दोन असतील तर बहुधा लहान. मास्तरांना एक दिसली. मला खरे तर काहीच दिसले नाही.

"अजून एकदा बघूया," मी म्हणाले.

मास्तर सगळ्यांदेखत हसले. "बाई, आधी स्वतःचा नंबर तपासून घ्या."

मी पेन उचलले आणि "लहान" लिहिले. पोस्टवाल्यांनी मान डोलावली. पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मास्तरांनी मंडळ सोडले आणि माझ्याशी बोलणेही.

तीन वर्षांनी तिथला दुरुस्तीवाला एक खोके घेऊन दारात आला. आत पात्याने तोडलेला गरुड. मी पंख उलगडला. कोर एकच होती.

"कोणता हो हा?" त्याने विचारले.

"मोठा."

"लहान काय नि मोठा काय, जिवानिशी गेला बिचारा."

फोटोतला तो हाच, असे म्हणता येणार नाही. पण तेव्हापासून अंथरुणाला पाठ लागत नाही. जुने फोटो उघडते, मिटते, पुन्हा उघडते. हे मी आजवर कोणाला सांगितले नाही. त्या फोटोपुढचे "लहान" खोडून तिथे "मोठा" लिहू नये. "ठरवता येत नाही" असे लिहावे, आणि बाईंनी रागाच्या भरात खोटे लिहिले होते, अशी टीप द्यावी.

५. ~~दुर्बीण मास्तरांना.~~ हे कलम आज सकाळी खोडले. कारण असे:

साक्षीदार म्हणून मी मास्तरांना निरोप पाठवला होता. येतील असे वाटले नव्हते. आले. चौथे कलम त्यांनी उभ्यानेच वाचले, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचले.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"ऐकून घेतलं असतंत?"

"नसतं घेतलं." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "मी तसं बोलायला नको होतं." मग पाचव्यावर बोट ठेवून म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, बाई."

"मग सही दुसऱ्या कोणाची घेते."

"नको. दुर्बीण खोडा. चौथ्या कलमाखाली माझी सही हवी."

६. म्हणून दुर्बीण पवनचक्क्यांवरच्या दुरुस्तीवाल्याला. पाती थांबवायची कळ त्याच्या हाताशी असते. गरुड लांबून दिसला की त्याने ती दाबावी. लहान की मोठा, हे ओळखत बसू नये.

वरील सर्व मी वाचले, मला ते मान्य आहे, आणि यापुढे खाडाखोड करणार नाही.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
तारीख: ९ ऑक्टोबर, सकाळी अकरा

सही: चष्मेवाल्या बाई

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. चित्रकलेचे मास्तर (निवृत्त)
२. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी