झाकणाखाली काय घातलं

९ नोव्हेंबर १९९३, मंगळवार

टीव्हीवरच्या बाईंनी आज पुन्हा तेच केलं! वांग्यात मसाला भरला, कढईवर झाकण ठेवलं, "दहा मिनिटं वाफ येऊ द्या" म्हणाल्या — आणि बाजूची दुसरीच कढई पुढे ओढली. त्यात सगळं तयार. मधल्या वेळात काय घातलं? कोण विचारणार?

मागच्या मंगळवारचे कटलेट मी वहीत लिहून घेऊन केले होते. एक अक्षर चुकलं नाही. तेलात पडले आणि विरघळले. म्हणजे बाईंनीच काहीतरी हातचं राखलं.

तरी बघते. खानावळीत दुपारची गिऱ्हाइकं असतात, पण वाढायला ह्यांना लावते आणि टीव्हीसमोर बसते. खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या तासाची मी आठवडाभर वाट बघते. हे म्हणतात, "रुक्मा, तू पोलिसात जायला पायजे हुतीस."

१६ नोव्हेंबर

वीज नाही. सुप्याचं विजेचं धरण आमच्याच तालुक्यात, आणि नेमकी मंगळवारी दुपारीच जाते. मुद्दाम करत असतील.

पेटीतली पाककृतींची पुस्तकं काढून वाचत बसले. चार आहेत, चारही पाठ. पुडिंग मी जन्मात खाल्लं नाही, पण कसं थरथरतं ते सांगू शकते. एकाही पुस्तकात आमच्या रामनगरकडचं काही नाही. एखाद्या पानावर आपलं नाव छापून यावं असं फार वाटतं. हे इथेच लिहिते, ह्यांना सांगितलं तर हसतील.

२ डिसेंबर

बेळगावच्या एक बाई जेवायला थांबल्या होत्या. मंगलताई. गावोगावच्या पाककृतींचं पुस्तक करतायत म्हणे. माझं मुडलीच्या कंदांचं कालवण दोनदा मागून घेतलं. "ही अळकुडी का?" — "जात तीच. पर ही रानाकडची, हाताएवढी वाढती."

बारा तारखेला, रविवारी परत येणार. करून दाखवा, लिहून घेते म्हणाल्या.

कालवण माझं, पुस्तक त्यांचं. वर नाव कुणाचं असेल, ते कळायला काय शिकायला लागतं?

१२ डिसेंबर, रविवार

मंगलताई नऊच्या गाडीनं आल्या. मी पहाटेच उठून मुडली कोकमाची सोलं घालून उकडून घेतली, आंबट पाणी परसात ओतलं. सोलं घातली नाहीत तर घसा असा खवखवतो की पाणीसुद्धा गिळवत नाही. सगळी गोम तिथेच.

त्यांच्यासमोर मग पुढचंच केलं. खोबरं, मिरची, तिरफळ. त्या चमच्यानं मोजत होत्या, लिहीत होत्या. "मुडली नुसत्या पाण्यात उकडली?" व्हय म्हटलं. "अळूला चिंच लागते, याला काही आंबट नको? घशाला होत नाही?"

"ह्या मुडलीला न्हाई लागत."

हे दारात उभे होते. माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेले.

फळीवर सोलांची बरणी होती. ती दाखवून मंगलताईंनी विचारलं, "हे कशाला?" माशाला, म्हटलं. त्यांनी तेही लिहून घेतलं! माझा फोटो काढला, हातात कालवणाचा डाव धरायला लावून. जाताना पुन्हा — "काही राहिलं नाही ना, रुक्मावहिनी?"

न्हाई.

१४ डिसेंबर

बाजारकुणंगकडची फुला मुडलीची पाटी घेऊन आली. कालवण तिनंच मला शिकवलं, दहा वर्षं झाली. पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, सोलं किती तेही, बोटावर मोजून. मी विचारलंही नव्हतं.

"वैनी, त्या बाईस सोलं सांगितलीस न्हवं?"

सांगितली, म्हटलं. ह्यांनी ऐकलं. सोलांची बरणी फळीवरून उचलून आत नेऊन ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी १९९४

मंगलताईंचं पत्र नाही. कळलंच होतं.

दर रविवारी बेळगावच्या पेपरची पुरवणी चाळते. माझी मुडली त्यांच्या नावानं कुठे येते ते बघते. अजून नाही. येईल.

२ ऑगस्ट

टीव्हीवरच्या बाईंनी आज अळूवडी केली. चिंचेचा कोळ नीट दाखवला, का घालायचा तेही सांगितलं. मी उठून टीव्ही बंद केला. गिऱ्हाइकं ओरडली.

७ नोव्हेंबर

पोस्टानं पुस्तक आलं. पान त्रेसष्ट. डाव धरलेली मी, खाली मोठ्या अक्षरांत — रुक्मा पुंडलिक गावकर, रामनगर. पहिल्या पानावर छापलंय: "हातचं काही न राखता शिकवणाऱ्या रुक्मावहिनींना."

आत मंगलताईंची चिठ्ठी. "मी घरी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा घसा धरला. चूक माझ्याच हातून होत असणार. तुम्ही सांगितलंत तसंच छापलं आहे, एक अक्षर बदललेलं नाही."